मोदक की पाणी? पैठणच्या राजाची फजिती आणि आपल्या लेकरांचे इंग्रजी

इंग्रजी म्हटले की आपल्या वस्तीतल्या पोराच्या पोटात गोळा येतो. गणिताची भीती शिक्षकाने मनावर घेतले तर जाते, पण इंग्रजीची भीती बापाकडून मुलाकडे वारशाने येते. शेत नाही, घर नाही, पण ही भीती मात्र सातबाऱ्यावर नाव लावल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आमचे वाचक बंधू-भगिनी नेहमी विचारतात, "एवढे शब्द पाठ करूनही पोराला वाक्य का जुळवता येत नाही?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही या लेखात आमच्या कुवतीप्रमाणे देणार आहोत. आम्ही भाषापंडित नाही. जन्मभर कारकुनी केली, अर्ज लिहिले, अर्ज वाचले. त्या अर्जांनीच आम्हाला जे शिकवले ते येथे मांडतो. आणि सुरुवात आपल्या पैठणपासूनच करतो, कारण एका शब्दाचे दोन अर्थ झाल्याने माणसाची कशी फजिती होते, याची एक जुनी गोष्ट आपल्याच गावची आहे.

सातवाहन राजाची गोष्ट

पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान. पाली ग्रंथांत पतिट्ठान. सातवाहन राजांची ही राजधानी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात सातवाहन राजाची एक दंतकथा आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. एकमेकांवर पाणी उडवणे चालले होते. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, आता मला पाण्याने मारू नका. संस्कृतात 'मा' म्हणजे नको आणि 'उदकैः' म्हणजे पाण्याने. दोन्ही शब्द जोडून बोलले की 'मोदकैः' होते. राजाला संधी सोडवता येईना. त्याने ऐकले 'मोदकांनी मारा', आणि नोकराला मोदकांची ताटे आणायला सांगितली! राणी हसली. पाण्यात उभे राहून मोदक कशाला, असे म्हणाली. सारे हसले. राजा इतका शरमला की त्याने अन्नपाणी व बोलणे सोडले.

मग दरबारातील दोन विद्वान पुढे आले. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, पण मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली की असे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने पैज जिंकली. त्याने राजासाठी जे सोपे व्याकरण रचले ते 'कातंत्र' नावाने प्रसिद्ध आहे. गुणाढ्य मग रानात गेला व पैशाची भाषेत त्याने 'बृहत्कथा' रचली, अशी ही कथा.

दंतकथा बाजूला ठेवली तरी कातंत्र व्याकरण खरेच आहे आणि त्याचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. पाणिनीची सूत्रे सुमारे चार हजार. कातंत्राने वेदातल्या भाषेचे नियम गाळले आणि शिकणाऱ्याच्या उपयोगाचे तेवढे ठेवले. म्हणून हे व्याकरण बौद्ध भिक्खूंबरोबर दूरवर गेले. मध्य आशियाच्या वाळवंटात त्याच्या हस्तलिखितांचे तुकडे सापडले, तिबेटी भाषेत त्याचे भाषांतर झाले आणि पाली भाषेच्या कच्चायन व्याकरणावरही त्याची छाप पडली. ज्याच्या घरात ती भाषा बोलली जात नाही, त्याला ती सोपी करून शिकवण्याची ही रीत पैठणच्या नावाशी जोडलेली आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

यातला एक धडा आम्ही विसरू नये असे म्हणतो. तो राजा मूर्ख नव्हता. सातवाहनांचे नाणेघाटातले आणि नाशिकच्या लेण्यांतले शिलालेख प्राकृतात आहेत. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला 'गाथासप्तशती' हा गाथासंग्रहही महाराष्ट्री प्राकृतातला. म्हणजे त्या घराण्याची कारभाराची भाषा प्राकृत, आणि फजिती झाली ती संस्कृतात. आपल्या लेकराची भाषा मराठी आणि फजिती होते इंग्रजीत. एवढाच फरक. तेव्हा पोराला 'ढ' म्हणण्याआधी थोडे थांबावे.

गाठ कुठे आहे?

मुले शब्द पाठ करतात ते असे : बुक म्हणजे पुस्तक, वॉटर म्हणजे पाणी, हँड म्हणजे हात, फिश म्हणजे मासा. एका शब्दापुढे एक अर्थ. पुढे एखाद्या वाक्यात 'बुक अ तिकीट' येते. मुलगा म्हणतो, पुस्तक एक तिकीट. अर्थ लागत नाही. 'वॉटर द प्लँट्स' येते. तो म्हणतो, पाणी झाडे. पुन्हा अर्थ नाही. येथे 'बुक' म्हणजे राखून ठेवणे आणि 'वॉटर' म्हणजे पाणी घालणे. नाथसागरावर जाळे टाकणाऱ्या आपल्या बांधवांच्या बाबतीत 'फिश' म्हणजे मासाही आणि मासे धरणेही. 'डॅम' म्हणजे धरण आणि पाणी अडवणेही. पैठणी विणणाऱ्यांच्या कामातला 'डिझाइन' म्हणजे नक्षी आणि नक्षी काढणेही.

म्हणजे इंग्रजीत शब्दाला कायमची जात नसते. आज जो नाम आहे तो उद्या क्रियापद. वाक्यात त्याला ज्या जागेवर बसवाल त्या जागेचे काम तो करतो. 'राउंड' हा एकच शब्द घ्या. गोल टेबल म्हणताना तो विशेषण, पाहारेकऱ्याची फेरी म्हणताना नाम, मागे वळला म्हणताना क्रियाविशेषण, कोपऱ्याच्या पलीकडे म्हणताना शब्दयोगी अव्यय, आणि रक्कम पूर्णांकात आणली म्हणताना क्रियापद. पाच कामे आणि शब्द एक. जन्माने ठरवलेल्या जागेवर राहायचे हे आपल्याला मान्य नाही. इंग्रजी शब्दांनाही ते मान्य नाही, असेच म्हणा ना!

हे असे का झाले, तेही सांगतो. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्या मराठीसारखीच प्रत्यय लावणारी होती. प्रेम या नामाला 'लुफु' आणि प्रेम करणे याला 'लुफिअन' असे दोन वेगळे शब्द होते. पुढे उत्तरेकडचे लोक येऊन तेथे स्थायिक झाले, 1066 साली नॉर्मन लोकांनी देश जिंकला, भाषा एकमेकींत मिसळल्या आणि शब्दांची शेपटे झिजत झिजत गळून गेली. दोन्ही शब्दांचे एकच 'लव्ह' राहिले. मग नाम कोणते आणि क्रियापद कोणते हे कळायचे कसे? ते काम शब्दांच्या क्रमाने उचलले. मराठीत 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' याचा अर्थ एकच, कारण 'ला' प्रत्यय राखण करतो. इंग्रजीत क्रम बदलला तर माणूसच कुत्र्याला चावतो!

आईला हे व्याकरण येते

आता आमच्या माय-भगिनींना एक सांगणे आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही शाळेत गेलो नाही, आम्हाला यातले काय कळणार? तुम्हाला हे सारे येते. रोज सकाळी चुलीपुढे तुम्ही हेच करता.

'कणीक मळ' असे लेकीला सांगता आणि 'कानातला मळ काढ' असे लेकाला सांगता. पहिला 'मळ' काम, दुसरा 'मळ' वस्तू. 'चुलीचा जाळ कमी कर' आणि 'तो कचरा जाळ'. 'घरपट्टीचा कर भरला का' आणि 'अभ्यास कर'. 'नांगर बांधावर ठेव' आणि 'शेत नांगर'. आणि 'वाट' या शब्दाची तर कमाल आहे. शाळेची वाट, पाट्यावर चटणी वाट, पोरगा पास झाला तर पेढे वाट. तीन वेगळी कामे, आणि कधी कोणाचा गोंधळ झाला नाही. चटणी वाट म्हटल्यावर कोणती सून चटणीचा रस्ता शोधायला निघाली?

गोंधळ का होत नाही? कारण शेजारचे शब्द सांगतात. इंग्रजीतही शेजारच सांगतो. मराठीत आणखी एक आधार आहे, तो प्रत्ययाचा. 'तो खेळला' आणि 'तो खेळाला गेला' यात एका कान्याचा फरक, पण त्या कान्याने क्रियापदाचे नाम झाले. इंग्रजीने असे बरेच कान्यामात्रे गमावले, म्हणून तेथे शेजाऱ्याकडे जरा जास्त लक्ष द्यावे लागते एवढेच.

शेजारी ओळखण्याची खूण

शब्दाच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'युअर', 'धिस' असा शब्द असेल तर पुढे बहुतेक नाम येणार. 'द वर्क', 'माय पे', 'अ रिपोर्ट'. शब्दाच्या आधी 'आय', 'वी', 'दे', 'कॅन', 'विल', 'मस्ट' असेल तर पुढे बहुतेक क्रियापद. 'आय वर्क', 'दे पे', 'यू मस्ट रिपोर्ट'. 'टू' हा मात्र दोन्ही घरी जेवणारा पाहुणा आहे. 'आय वाँट टू वर्क' म्हणजे मला काम करायचे आहे, येथे वर्क क्रियापद. 'आय गो टू वर्क' म्हणजे मी कामावर जातो, येथे वर्क नाम. म्हणून 'टू' दिसला की सावध राहावे.

दुसरी खूण कानाची आहे. काही शब्द लिहायला एक पण उच्चाराला दोन. वापर या अर्थी 'यूस', वापरणे या अर्थी 'यूझ'. जवळचा या अर्थी 'क्लोस', बंद करणे या अर्थी 'क्लोझ'. नोंद या अर्थी 'रेकॉर्ड' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, नोंदवणे म्हणताना 'रिकॉर्ड' असा जोर शेवटी. परवाना या अर्थी 'परमिट' आणि परवानगी देणे या अर्थी 'परमिट' यांतही तोच जोराचा फरक. रेडिओ किंवा मोबाईलवर इंग्रजी बातम्या ऐकताना मुलांनी हा जोर कानाने टिपावा.

एका 'टू'ची किंमत

हे सारे परीक्षेपुरते आहे असे कोणी समजू नये. कारखान्यात व कचेरीत या शब्दांवर पोटपाणी अवलंबून असते. 'लीव्ह' हा शब्द पाहा. नाम असताना तो रजा, क्रियापद असताना सोडून जाणे. 'आय वाँट लीव्ह फ्रॉम मंडे' म्हणजे मला सोमवारपासून रजा हवी. 'आय वाँट टू लीव्ह फ्रॉम मंडे' म्हणजे मला सोमवारपासून सोडून जायचे आहे. मध्ये फक्त एक 'टू'.

पैठण रस्त्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर असलेल्या आमच्या ओळखीच्या एका तरुणाने बहिणीच्या लग्नासाठी असाच अर्ज दिला. लग्न उरकून परत आला तर गेटवर उत्तर मिळाले, "तूच तर काम सोडतो म्हणून लिहून दिले आहेस." बिचारा दोन दिवस गेटबाहेर. शेवटी बरोबरचे चार कामगार आत गेले, लग्नाची पत्रिका दाखवली, नवा अर्ज मराठीत लिहून दिला तेव्हा हजेरी लागली. मराठीत लिहिलेला अर्ज चालत होता, हेही त्याला तेव्हाच कळले. साधे पत्र आपल्या भाषेत द्यायला लाजू नये. इंग्रजीत द्यायचे तर जाणत्या माणसाकडून एकदा वाचून घ्यावे.

असे आणखी काही शब्द गाठीला बांधून ठेवा. 'लेफ्ट' म्हणजे डावा, 'लेफ्ट' म्हणजे सोडून गेला, 'लेफ्ट' म्हणजे उरलेले. रजेच्या कागदावर 'टू डेज लेफ्ट' लिहिले असेल तर दोन दिवस शिल्लक आहेत, घाबरू नये. 'फाइन' म्हणजे छान, 'फाइन' म्हणजे दंड आणि दंड करणेही. 'स्टेट' म्हणजे राज्य, पण फॉर्मवर 'स्टेट द रीझन' असेल तर कारण नमूद करा. तेथे महाराष्ट्र लिहू नये. 'ऑर्डर' म्हणजे हुकूम, क्रम, मागणी आणि हुकूम देणे. 'शो कॉज' नोटीस आली तर 'शो' म्हणजे दाखवा आणि 'कॉज' म्हणजे कारण. मुदतीत लेखी उत्तर द्यायचे असते, कागद खिशात ठेवून बसायचे नसते. 'लीव्ह विदाउट पे' यात 'पे' नाम आहे, म्हणजे बिनपगारी रजा.

वेल्डिंग, वायरिंग, बिल्डिंग, मीटिंग हे शब्द तर आता आपल्या बोलीतलेच झाले. 'द बिल्डिंग' म्हणजे इमारत. पण 'दे आर बिल्डिंग अ वॉल' म्हणजे ते भिंत बांधत आहेत. शेवटी 'इंग' दिसला की क्रियापदच, असे पाठ केलेले पोर येथे फसते. आधी 'ॲम', 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' आहे का ते पाहावे. असेल तर बहुधा काम चालू आहे. तेही डोळे मिटून नव्हे. 'धिस इज अ बिल्डिंग' यात 'इज' आहे, पण मध्ये 'अ' बसला आहे, म्हणजे इमारतच.

गो, वेंट, गॉन

आता क्रियापदाच्या रूपांकडे येऊ. मुले तक्ते पाठ करून थकतात. खरे तर इंग्रजी क्रियापद मराठीपेक्षा गरीब आहे. आपले 'जा' घ्या. जातो, जाते, जातात, जाशील, गेलो, गेलीस, जावे, जायचे, जाऊन अशी रूपे मोजता मोजता दमायला होते. इंग्रजीत 'वर्क'ची रूपे चार : वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. 'गो'ची पाच : गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. 'पुट'ची तीनच : पुट, पुट्स, पुटिंग, कारण त्याचा भूतकाळही 'पुट'च. सर्वांत श्रीमंत 'बी', त्याची आठ : बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. बाकीचे सारे काम 'हॅव', 'डू', 'विल', 'कॅन' असे मदतनीस करतात.

मुले विचारतात, 'गो'चे 'वेंट' का? 'गोड' का नाही? त्यांना उलट विचारा, 'जा'चे 'गेला' का? 'जाला' का नाही? 'ये'चे 'आला', 'कर'चे 'केला', 'हो'चे 'झाला', 'खा'चे 'खाल्ला'. हे तक्ते आपल्याला कोणी पाठ करायला लावले होते? जी क्रियापदे माणूस दिवसातून शंभरदा बोलतो तीच आडमुठी राहतात, कारण तोंडात बसलेले रूप कोणी बदलत नाही. क्वचित वापरातली नियमात बसतात. दोन्ही भाषांत हेच घडले. 'वेंट' तर मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. तो 'गो'च्या घरी येऊन राहिला. म्हणून आडमुठी क्रियापदे तक्त्यातून पाठ करण्यापेक्षा छोट्या वाक्यांत बोलून बोलून बसवावीत. 'आय वेंट टू पैठण', 'शी वेंट टू स्कूल'.

नियमातल्या क्रियापदांना शेवटी 'इडी' लागते, पण तिचा उच्चार तीन तऱ्हांचा : 'वॉक्ट', 'कॉल्ड', 'वाँटेड'. सगळीकडे 'एड' म्हणू नये.

एक गोष्ट आम्हाला या भाषेत विशेष वाटते. 'यू गो' हे साहेबालाही आणि शिपायालाही. मराठीत 'तू जा', 'तुम्ही जा', 'आपण जावे' अशा पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्यांवर आपल्या वाडवडिलांना कुठे उभे केले जात होते ते सांगायला नको. इंग्रजीतही पूर्वी खालच्या माणसासाठी 'दाऊ' असा वेगळा शब्द होता. तो वापरातून गेला, सर्वांना एकच 'यू' राहिले. क्रियापदही बाई-पुरुष भेद करीत नाही. 'तो जातो', 'ती जाते' दोघांनाही 'गोज'च.

घरी काय करावे?

बाबासाहेबांचे इंग्रजी जगाने वाखाणले. ते आकाशातून पडले नव्हते. सुभेदार रामजींनी लहानपणी त्यांच्याकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असे जाणे-येणे, हाच त्या अभ्यासाचा गाभा. पुढे बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोशही तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या ग्रंथावलीच्या सोळाव्या खंडात छापला आहे. व्याकरणाला घाबरून बाजूला ठेवणाऱ्यांचा हा वारसा नव्हे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पूर्वी पाचवीपासून होते. वर्षे वाढली, पण घरी विचारणारे कोणी नसेल तर वर्षे वाढून उपयोग नाही. म्हणून आमच्या सूचना :

शब्दांच्या वहीत एका शब्दापुढे एक अर्थ लिहू नये. दोन रकाने करावेत, एक 'वस्तू'चा आणि एक 'काम'चा. 'वॉटर' : पाणी, पाणी घालणे. 'हँड' : हात, हातात देणे. प्रत्येक रकान्यात एकेक छोटे वाक्य लिहावे. रोज तीन शब्द पुरेत.

ज्या आई-बापांना इंग्रजी येत नाही त्यांनी एकच प्रश्न विचारावा, "बाळा, इथे ही वस्तू आहे की काम?" मूल उत्तर देताना स्वतःच विचार करील. विशेषण, क्रियाविशेषण ही पुढची पायरी, पण पहिली पायरी हीच.

कारखान्यातला, बँकेतला, दवाखान्यातला इंग्रजी कागद घरी आला तर तो आधी मोठ्या मुलीला किंवा मुलाला मोठ्याने वाचायला द्यावा आणि मराठीत अर्थ सांगायला लावावा. यासारखा अभ्यास नाही, आणि कागदही समजतो. सही मात्र अर्थ कळल्याशिवाय करू नये.

आणि ज्या तरुणांचे शिक्षण झाले आहे, नोकरी लागली आहे, त्यांनी रविवारी एक तास विहारात वस्तीतल्या मुलांना द्यावा. फळा नसेल तर पाटी चालेल. सहा महिन्यांत राजा शिकला की नाही ते त्या कथेलाच ठाऊक. पण सहा महिने दर रविवारी बसलेले पोर इंग्रजी कागद पाहून पळत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

जयभीम.